जाळीवरचं कुंकू

ज्या बाईच्या उजव्या हाताला बोटं नव्हती, तिला मी भर सभेत उजवा हात वर करायला सांगितलं.

मुद्दाम नव्हे. मी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. मी माझ्या कागदाकडे बघत होतो आणि कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘सुरुवातीस श्रोत्यांना सहभागी करून घ्यावे.’ म्हणून घसा साफ करून मी म्हणालो, “ज्यांच्या घरी कडबाकुट्टीचं यंत्र आहे, त्यांनी उजवा हात वर करा.” बरेच हात वर गेले. पुढच्याच रांगेत एक म्हातारी पदराखाली हात घेऊन बसली होती. तिला मी खास उत्तेजन दिलं. “लाजू नका आजी, करा वर.”

सभा गप्प झाली. मला वाटलं, माझं भाषण पकड घेतंय. मी पुढचं वाक्य वाचलं, “बहुतेक अपघात निष्काळजीपणामुळे होतात.” त्या वाक्यावर म्हातारी उठली. उठताना पदर सावरायला तिनं हात बाहेर काढला तेव्हा मला दिसलं, त्या हाताला फक्त अंगठा होता. ती चालू लागली आणि तिच्यामागून सगळ्या बायका निघाल्या. मागं उरले चार पुरुष, एक कुत्रं आणि मी.

हे घडलं बिद्रीपासून थोडं आत असलेल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. माझी तिथं जी शोभा झाली ती गाव अजून विसरलेलं नसणार, आणि तुम्ही कोणी तिकडं गेलात तर तुम्हाला ती फुकट ऐकायला मिळेल.

कोल्हापूर, आधीचे दोन दिवस

मी नाशिकचा. सातपूरला एका कारखान्यात तीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो. माझ्या कारकिर्दीत जिन्यावरून एकच माणूस पडला, तो मी. निवृत्तीनंतर एका सामाजिक संस्थेनं विचारलं, कोल्हापूरकडच्या गावांत जाऊन लोकांना शेतातल्या-गोठ्यातल्या इजा कशा टाळायच्या ते सांगाल का? मी ताबडतोब हो म्हणालो. लोकशिक्षणाची तळमळ वगैरे नंतर आली. आधी डोळ्यांसमोर तांबडा-पांढरा रस्सा आला होता.

पोचल्या दिवशी संध्याकाळी गंगावेशीत गेलो. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळलेला पेला थेट हातात. आमच्या नाशकात पाहुण्याला “चहा घेणार का?” असं विचारतात. त्या प्रश्नात नको म्हणायला एक फट ठेवलेली असते. कोल्हापुरात फट नसते. “पावणं, धरा,” एवढंच. मी धरला. तो संपायच्या आत दुसरा आला. “एका पेल्यानं काय हुतंय? धरा की.” तोही धरला.

त्या दोन पेल्यांचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी गडमुडशिंगीच्या सभेत झाला. विषय दुचाकी आणि हेल्मेट. समोर रोज कोल्हापूरला कामावर जाणारी मंडळी. पोटात जे चाललं होतं त्यामुळं पाऊण तासाचं भाषण मी अकरा मिनिटांत उरकलं आणि शाळेच्या मागं पळालो. परत येतो तर टाळ्या. एक गृहस्थ म्हणाले, “असं भाषण पायजे. मोजकं. न्हायतर हितं येत्यात ते हलतच न्हाईत.” मला वाटलं, आपल्यात वक्तृत्व आहे. हा गैरसमज घेऊन मी बिद्रीच्या रस्त्याला लागलो.

बिद्रीच्या वाटेवर

दिवस ऊसतोडीचे. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येकामागं दोन-दोन ट्रॉल्या आणि हवेत काकवीचा गोड, जरासा करपट वास. उसाची टोकं, म्हणजे वाडं, लोक भारे बांधून घरी नेत होते. या भागात दारात म्हैस नाही असं घर विरळा, आणि म्हैस आली की वाडं बारीक करणारी कडबाकुट्टी आली. मोटर, पट्टा आणि पाती बसवलेलं जड लोखंडी चाक. त्या चाकावर कंपनी एक जाळीचं झाकण देते. मी आलो होतो ते त्या जाळीसाठी.

मला न्यायला बसाण्णा आले होते, गावच्या दूध संस्थेचे सचिव. सीमेकडचं लिंगायत घर. आईशी कानडीत बोलायचे, मोटारसायकलीशी मराठीत, आणि दोन्हीकडं आवाज सारखाच मोठा. माझ्या हातातला कापडी फलक उलगडून त्यांनी मोठ्यानं वाचला, “इजा व हिंसा प्रतिबंध लोकशिक्षण सप्ताह. म्हंजे काय वो?”

मी सांगितलं.

“म्हंजे लागू नये आन मारू नये. मग तसंच लिवायचं की. हे वाचूस्तवर माणसाला लागतंय.”

मारू नये हा भाग सांगायला पुढच्या आठवड्यात एक बाई येणार होत्या. लागू नये माझ्या वाट्याला होतं. बसाण्णांच्या घरी जेवायला बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. लिंगायतांचं घर, म्हणजे रस्सा तांबडाही नाही आणि पांढराही नाही. जोंधळ्याची भाकरी, झुणका, दही आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. “हे जरा तिखट हाय,” असं त्यांच्या बायकोनं, वैनींनी सांगितलं. कोल्हापुरात कोणी स्वतःहून तिखट म्हटलं तर ऐकावं. मी ऐकलं नाही. लागलेली उचकी घेऊनच संध्याकाळच्या सभेला गेलो आणि पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.

सभेवरून परतताना बसाण्णांनी फलक गुंडाळून काखेत घेतला. मग म्हणाले, “हौसाक्काला हात वर करायला सांगितलासा.”

“मला माहीत नव्हतं हो.”

“दीड वरसामागं मशीननं बोटं नेली तिची. तवापास्नं हात पदराखाली. सभेला आली हेच लई हुतं. मीच बळं आणलं तिला.” मग त्यांनी निकाल दिला. “आता तुमाला गावात च्या बी कोन इचारायचं न्हाय.”

दूध संस्थेच्या दारात

सकाळी सहाला दूध घालायला गाव संस्थेत येतं. मी दारात उभा राहिलो. बायका किटल्या घेऊन आल्या, माप झालं, गेल्या. एकीनंही “पावणं, च्या घेतलासा काय?” विचारलं नाही. दोन दिवस ज्या आग्रहाला मी भीत होतो त्याचीच मी वाट बघत होतो.

बसाण्णा म्हणाले, “धाच्या गाडीनं जावा. कोन काय म्हननार न्हाय.”

मला जायचं नव्हतं. हा काही शौर्याचा भाग नाही, मी तसा गाडी लवकर पकडणारा माणूस. पण हौसाक्काची सून प्रियांका त्याच यंत्रावर रोज दोन वेळा वाडं कापते, जाळीशिवाय, हे बसाण्णांनी बोलता बोलता सांगितलं होतं. एका घरात एका यंत्रानं एक हात नेला होता आणि दुसरा तिथंच रोज जात होता. ज्या कामासाठी तीस वर्षं पगार घेतला ते काम समोर असताना दहाची गाडी धरायची? घर विचारत निघालो.

हौसाक्काचं अंगण

अंगणात शिरलो आणि माफी मागायचं विसरलो. कारण समोर जाळी होती. लोखंडी, गोल, कंपनीचा निळा रंग अजून शिल्लक. फक्त ती यंत्रावर नव्हती. ती जमिनीवर पालथी घातलेली होती, वर एक दगड आणि आत चार कोंबड्या आणि एक कोंबडा. इतकं भक्कम डालगं मी कुठं बघितलं नाही.

गोठ्यात मशीन चालू होतं. प्रियांका, विशीतली पोरगी, पदर कमरेला खोचून वाडं लावत होती. हौसाक्का म्हशीला पाणी दाखवत होती. मला बघून तिनं हात पदराखाली घेतला.

मी म्हणालो, “काल चुकलो, अक्का.”

ती म्हणाली, “व्हय.”

माणसानं एवढ्यावर थांबावं. पण मी सुरक्षा अधिकारी. “ती जाळी इथं बसते,” असं म्हणत मी चाकापाशी वाकलो आणि बोटानं जागा दाखवायला लागलो. गळ्यात मफलर होता. नाशकात थंडीत मफलर घालतात, आणि मी तो इथंही घातला होता. वाकल्यावर त्याचं टोक लोंबलं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मानेला झटका. मागून कोणीतरी माझी कॉलर धरून असं खेचलं की मी वाड्याच्या ढिगात उताणा. प्रियांकाची धाव आणि बटनाचा आवाज. मफलर सैल होता म्हणून गळ्यातून सुटून गेला, नाहीतर हे प्रवासवर्णन दुसऱ्या कोणीतरी, श्रद्धांजली म्हणून लिहिलं असतं.

मला खेचलं होतं हौसाक्कानं. डाव्या हातानं.

मी उठायला लागलो तर ती म्हणाली, “हलू नगासा. बगा.”

मोटर बंद होती. चाक मात्र फिरत होतं. माझा मफलर पात्यांवर आपटत, फाटत फिरत होता. वेग कमी झाला, पाती एकेक दिसायला लागली, आता थांबलं असं वाटलं, तरी फिरतच होतं. मी मनात आकडे मोजत होतो. अठरापर्यंत पोचलो तेव्हा ते थांबलं.

“बगितलासा?” हौसाक्का म्हणाली. “बटन बंद हाय.”

मग ती कट्ट्यावर बसली आणि पहिल्यांदाच हात पदरातून काढून मांडीवर ठेवला. “मी बी बटन बंद केलतं. वाडं अडकलंतं. चाक थांबत आलं असं वाटलं आन हात घातला. पन सगळं गाव म्हनतंय, म्हातारीनं चालू मशीनात हात घातला. तुमी बी काल तेच म्हनलासा. निष्काळजी. बोटं गेली त्याचं मला काय न्हाय, पन मी येडी न्हाय.”

चाक थांबेपर्यंत थांबा, ही सूचना माझ्या कागदावर होती. तिसऱ्या पानावर. तिसऱ्या पानापर्यंत माझी सभा आजवर कधी टिकली नव्हती.

प्रियांकानं पात्यांतून मफलरच्या चिंध्या काढल्या, चाक पूर्ण थांबल्यावर, आणि चहा टाकला. गावात मला मिळालेला दिवसातला पहिला चहा. मी दोन कप प्यालो.

चहा चालू असतानाच मुलगा आला, संभाजी. कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा. पस्तिशीचा, अंगानं पैलवान. मला बघून म्हणाला, “आई, ह्येला सांगितलं न्हाईस का? चालू मशीनात हात घातलास म्हनून?”

हौसाक्कानं कप खाली ठेवला. बोलली प्रियांका. “बटन बंद केलतं त्यांनी. आता बी मीच केलतं. सायबांच्या मफलरला इचारा.” आणि तिनं चिंध्या नवऱ्याच्या हातात दिल्या.

त्यानं त्या चिंध्या उलटसुलट बघितल्या. चाकाकडे बघितलं. मग कोंबड्यांकडे. कोंबडा आरवला.

“जाळी मी काढलीती,” संभाजी म्हणाला. “खंडेनवमीला. चाकाला हळद-कुंकू लावायला. परत बसवायची ऱ्हायली.”

एवढं वाक्य बोलायला त्याला दीड वर्ष लागलं होतं. आईच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. ती म्हणाली, “मला ठावं हाय. म्या तवा बी बगितलंतं.”

हे मी इथं एका ओळीत लिहितो आहे, पण त्या वेळी मला तिथून उठून जावंसं वाटलं होतं. उठलो नाही, कारण ढिगात पडून कंबर धरली होती.

मुरगूड

तरीही जाळी बसवायला संभाजी सहज तयार झाला असं समजू नका. “वाडं अडकतंय. दर खेपेला नट खोलत बसलो तर म्हशी गाव गोळा करत्यात. आन दसऱ्याला पूजा कशी करायची? हत्याराची पूजा जाळीवरनं करत्यात व्हय?”

कारखान्यात आम्ही पूजेला यंत्र बंद ठेवून जाळी काढायचो आणि परत बसवायला एक माणूस पगारावर होता. इथं कोण?

उत्तर हौसाक्कानं दिलं. “आपल्या देव्हाऱ्याला दार हाय का न्हाय? दार उघडायचं, पूजा करायची, दार लावायचं. देव्हारा काय दर दसऱ्याला मोडून ठेवतोस?”

तेव्हा आम्ही मुरगूडला निघालो, जाळीला बिजागरी बसवून घ्यायला. मोटारसायकलवर पुढं संभाजी, मागं मी, माझ्या मांडीवर जाळी. कोंबड्या बाहेर काढल्या होत्या, पण दीड वर्षाचा त्यांचा मुक्काम जाळीवरून पुसला गेला नव्हता. तो माझ्या पॅंटवर उतरला. बाजारातून जाताना एकानं हाक मारली, “पावणं, कोंबड्या कितीला?” दुसऱ्यानं वास घेऊन सांगितलं, “संपल्या वाटतं.”

वेल्डिंगवाल्यानं विचारलं, “काय करायचंय?” संभाजी म्हणाला, “देव्हारा.” त्यानं मान डोलावली. त्या भागात असल्या उत्तरानं कोणाला नवल वाटत नसावं.

काम होईपर्यंत आम्ही मिरचीची भजी खाल्ली. या वेळी मी मिरची काढून खाल्ली. संभाजी ठिणग्यांकडे बघत होता. म्हणाला, “आई हळदी-कुंकवाला जात न्हाय. उजव्या हाताच्या बोटानं कुंकू लावत्यात, ते न्हाय. डाव्यानं चालत न्हाय म्हनत्यात. दुसऱ्याच्या दारात जाऊन हात लपवत बसायचं, त्यापरीस घरात बरं, म्हनती.” मग भज्याचा कागद चुरगळून म्हणाला, “दसऱ्याला परत कोन तरी काढणारच जाळी, सर. आमच्या गल्लीत सात मशीनी हायत. एकीवर बी जाळी न्हाय. सगळ्यांच्या कोंबड्यांवर हायत.”

ही माहिती माझ्या संस्थेच्या कुठल्याही पाहणीत आली नव्हती. परतीच्या वाटेवर मी गल्लीतल्या बाकीच्या सहा जाळ्यांच्या बिजागऱ्याही घेतल्या. वेल्डिंगवाला दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन स्वतः यायला तयार झाला. नाही म्हटलं तरी चाललं नसतं. संभाजीनं त्याला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

शेवटची सभा

सभा दूध संस्थेत घेतली नाही. सकाळचं दूध घालून झाल्यावर बायकांना बसाण्णांनी हौसाक्काच्या अंगणात पाठवलं. “पावण्याचं भाषण न्हाय,” असं त्यांनी आधीच जाहीर केलं, म्हणून गर्दी चांगली झाली.

मी माझा फाटका मफलर दाखवला आणि तो कसा फाटला ते सांगितलं. वाकलो कसा, पडलो कसा, सगळं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसू दिलं. मग हौसाक्का उभी राहिली.

नाशिककराला ऐकायला मजा वाटते, त्या बाजूच्या बायका ‘मी सांगतो, मी जातो’ असं बोलतात. त्या सकाळी मात्र ते बोलणं मला नेमकं वाटलं.

“मी सांगतो ते ऐका,” ती म्हणाली. “बटन बंद केलतं मी. चाक ऐकत न्हाय. ते थांबल्याबिगर हात घालायचा न्हाय. जाळी असती तर मला हात घालायला आलाच नसता.” आणि तिनं उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि खाली घ्यायची घाई केली नाही. “कुनाच्या मशीनवर जाळी न्हाय? करा वर.”

हात वर झाले. परवा माझ्या सांगण्यावरून झाले त्यापेक्षा जास्त.

मागून एका बाईनं विचारलं, “अक्का, जाळी बसवली तरी दसऱ्याला गडी काढनार. आन मग कोंबड्यांवर घालनार. मग?”

मी तोंड उघडलं. माझ्याकडे एक सूचना होती, नोंदवहीची. बसाण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी तोंड मिटलं.

हौसाक्कानं सुनेला कुंकवाचा करंडा आणायला सांगितला. नवी बिजागरी बसवलेली जाळी यंत्रावर लागली होती, धुऊन लख्ख. हौसाक्कानं अंगठा कुंकवात बुडवला आणि जाळीच्या मधोमध टेकवला. बोटाचा टिळा बारीक असतो. हा चांगला रुपयाएवढा उमटला.

“आता कोंबड्यावर घालून बगा म्हनावं,” ती म्हणाली. “कुंकू लावल्यालं कोन कोंबडीखाली घालतंय ते मला बगायचंय.”

अंगणात एकदम बोलणं सुरू झालं. एक बाई म्हणाली, तिचा सासरा देवाला नुसता पाय लागला तरी तीनदा नमस्कार करतो, तो तर जाळीला आता हात लावायचा नाही. बसाण्णांच्या घरच्या वैनी पुढं आल्या. “अक्का, आमच्याकडं बी या. तुमच्याच अंगठ्यानं लावा.”

“बोटानं लावत्यात की कुंकू,” कोणीतरी मागून पुटपुटलं.

“लोखंडाला अंगठ्यानंच लावायचं,” वैनींनी ठणकावलं. असा काही नियम आहे असं मला वाटत नाही. पण त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की त्या क्षणापासून तो गल्लीचा नियम झाला.

दुपारपर्यंत आम्ही बाकीची सहा घरं केली. पुढं हौसाक्का, मागं प्रियांका करंडा घेऊन, त्यामागं वेल्डिंगवाला, संभाजी आणि सगळ्यांत शेवटी मी, सुटे नट खिशात घेऊन. प्रत्येक घरी आधी कोंबड्या मोकळ्या व्हायच्या, मग जाळी धुतली जायची, बसायची, दार उघडून-लावून बघायचं, मग अंगठा. आणि प्रत्येक घरी हौसाक्कानं तेच सांगितलं, चाक थांबेपर्यंत थांबायचं. तिसऱ्या घरापासून बायका तिच्याबरोबर म्हणायला लागल्या. प्रत्येक घरी चहा झाला. सहा. मला गंगावेशीची आठवण झाली आणि मी घाबरलो, पण एकही नको म्हटला नाही.

शेवटच्या घरातून निघालो तेव्हा गल्लीत वीस-पंचवीस बेवारस कोंबड्या फिरत होत्या. त्यांच्यासाठी गावानं बुरुडाकडून नवी डालगी आणायचं ठरवलं. माझ्या मोहिमेचा हा खर्च मी अहवालात दाखवलेला नाही.

दहाची गाडी कधीच गेली होती. पाचच्या गाडीसाठी फाट्यावर उभा राहिलो तेव्हा सोडायला बसाण्णा, प्रियांका आणि हौसाक्का आले होते. करंडा अजून प्रियांकाच्या हातात होता आणि हौसाक्काचा उजवा हात उघडा होता. अंगठ्याला कुंकू तसंच.

बसाण्णा चेष्टेच्या मूडमध्ये होते. “अक्का, थोडं ऱ्हायलंय की. सरास्नी बी लावा.”

मी कपाळ पुढं केलं. हौसाक्कानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मोकळ्या गळ्यापाशी जरा जास्त वेळ थांबली आणि करंड्याचं झाकण लावलं.

“ह्यास्नी कशाला? ह्येंचं डालगं कोन करतंय? ह्यास्नी कोंबड्यांवर पालथं घातलं, तर कोंबड्या पळून जातील.”